नेलपॉलिशच्या रेघा

मागच्या रविवारी बहीण अर्धा तास बेल वाजवून परत गेली. मी आणि बायको बाहेर होतो आणि आईला आता ऐकू येत नाही. तेव्हापासून आई दारापाशीच खुर्ची टाकून बसते, जेवतेही तिथेच. ते बघवेना, म्हणून मी जाहीर केलं, "येत्या रविवारच्या आत बेलबरोबर लुकलुकणारा दिवा करतो."

सर्किट बोर्ड विकत मिळतो, पण मग मी कसला रेडिओ मेकॅनिक? तांब्याचा थर असलेल्या पाटीवर रेघा काढायच्या आणि पाटी द्रावणात बुडवायची. रेघांखालचं तांबं वाचतं, उघडं असेल ते विरघळतं. माझ्या मार्करच्या रेघाच आधी धुऊन गेल्या. मग मेण लावलं, त्याचे पोपडे निघाले. डाग बसले ते फक्त बेसिनला.

"अहो, बेसिनवर जे सांडलंत तेच लावा ना पाटीवर," बायको म्हणाली. "ते काही केल्या जात नाहीये."

एवढं बोलून तिने आपली नेलपॉलिशची बाटली माझ्यापुढे आपटली. माझ्या रेघा वाकड्यातिकड्या आल्या आणि मी ब्रशला नावं ठेवली. आईने खुर्चीतूनच हात पुढे केला. जन्मभर कापडावर खडूने आखणी केलेली बाई ती. माझा नकाशा बघून तिने सगळ्या रेघा एका दमात ओढल्या.

शनिवारी दिवा लागला, तो विझेचना. मी तारा तपासत असताना आई पुन्हा पुन्हा दिव्याकडे बघून दार उघडत होती. चौथ्यांदा रिकामा जिना बघून ती परत खुर्चीत बसली, तेव्हा मला स्वतःचा भयंकर राग आला.

दिव्याची डबी उघडली. दोन रेघांमधली फट नेलपॉलिशने सांधलेली होती, म्हणून तिथलं तांबं तसंच राहिलं होतं. मी आईला बोटाने दाखवलं.

"अरे, इतक्या शेजारी राहून एकमेकींशी बोलत नव्हत्या," ती म्हणाली. "दिल्या जुळवून."

मी ब्लेडने त्यांचं भांडण पुन्हा लावलं आणि बाहेर जाऊन बेल दाबली. आईने दार उघडलं, मला नीट न्याहाळलं आणि माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. मी किल्लीने आत आलो, तर तिची खुर्ची स्वयंपाकघरात गेली होती.

रविवारी दहाला दिवा लुकलुकला. आईने बहिणीला हाताला धरून थेट दिव्यापाशी नेलं.

"यातल्या रेघा मी काढल्या."

बहिणीने माझ्याकडे बोट दाखवून खुणेने विचारलं, मग याने काय केलं?

"त्यानं बेसिन खराब केलं," आई म्हणाली.