चार अँपिअरचा ठपका

मी एक जुनी गेट ड्रायव्हर चिप आहे. मित्रांनो, नाव ऐकून गोंधळू नका. व्हीलचेअरची मोटर चालू-बंद करायला एक मोठा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. त्याच्या गेटमध्ये, म्हणजे त्याला हुकूम देणाऱ्या टोकात, झटकन विद्युतभार भरायचा आणि झटकन काढून घ्यायचा, हे माझे काम. मी रेंगाळले, तर स्विच अर्धवट उघडा राहतो आणि तापतो.

कारखान्याने माझ्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत ‘चार अँपिअर’ छापले आणि तिथेच माझे नशीब फिरले. माझ्या पोटातही विद्युतधारेला अडवणारा रोध आहे, तीन ओहमचा. मला मिळणाऱ्या बारा व्होल्टला तीनने भागा, चार येतात. म्हणजे वाटेत दुसरा अडथळा नसेल, तरच एवढी धारा, तीही क्षणभर. पण पत्रकातल्या बारीक ओळी वाचतो कोण?

मी एका घरातल्या छोट्या वर्कशॉपमध्ये आले. तिथली इंजिनिअर सून सासऱ्यांसाठी व्हीलचेअर बनवत होती. पक्षाघातानंतर ते घराबाहेर पडलेच नव्हते. सोल्डरिंग नणंदेकडे होते. खुर्ची पहिल्यांदा चालली, तेव्हा सासरे लहान मुलासारखे हसले. मला केवढा अभिमान वाटला!

मात्र खुर्ची चालली की स्विचच्या झटक्यांमुळे घरातला रेडिओ खरखरायचा. स्विच जरा सावकाश उघडावा म्हणून नणंदेने माझ्या आणि गेटच्या मध्ये नऊ ओहमचा रोधक बसवला. खरखर थांबली. पण माझे तीन आणि त्याचे नऊ मिळून बारा ओहम झाले. चार अँपिअरचा एकच उरला!

मग एकदा दारासमोरचा चढ चढताना स्विच तापून जळाला. खुर्ची मागे घसरू लागली. सुनेने धावत जाऊन ती अंगावर तोलून धरली.

“नको मला ही खुर्ची,” सासरे म्हणाले. “मी आपला पलंगावरच बरा.”

सुनेने विजेचे चढउतार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लावून माझी धारा पाहिली आणि ती भडकलीच. “चार लिहिलंय आणि देते एक! नुसती नावाची आहे. काढून टाक हिला.”

मधला रोधक बघा की! मी आतल्या आत किंचाळत होते. नणंदेने मला उपटले, त्यात माझा धातूचा एक पाय मोडला. माझ्या जागी नऊ अँपिअरची दांडगी चिप आली, नवा स्विच आला. तोही तापला.

नणंदेने पुन्हा पडद्यावर पाहिले. “वहिनी, हीसुद्धा एकाच्या जराशीच वर जातेय गं.”

सून थबकली. तिने कागद ओढून बेरीज केली. “अगं, चिप बदलून काय होणार? मध्ये नऊ ओहम बसलेत!”

“रेडिओसाठी बसवलेत. सांगितलं होतं की तुला!”

“सांगितलं होतंस खरं. मी ऐकलं कुठे!”

मग कमी ओहमचा रोधक आला. रेडिओ खरखरू नये म्हणून मोटरच्या तारा एकमेकींभोवती पिळल्या गेल्या. स्विच कोमटच राहिला. बरीच मनधरणी केल्यावर सासरे खुर्चीत बसले, चढ चढले, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आले.

“नवी चिप भारी आहे हो!” ते म्हणाले.

नवी चिप! भंगाराच्या डब्यात पडून मी ते ऐकले. माझी चूक नव्हती, असे कोणी एका शब्दाने म्हटले नाही.

मित्रांनो, छापील आकडा वाचलात, तर तो कोणत्या अटीवर खरा ठरतो तेही वाचा. पोटातला रोध मोजा, वाटेतलाही मोजा. आणि कोणाला कामचुकार ठरवून उपटण्याआधी त्याच्या वाटेत आपणच काय ठेवले आहे, ते एकदा बघा. मोडलेला पाय मला कोणी परत लावून देणार नाही.