एका दाराचे तळघर

मित्रांनो, मी एक जुने तळघर आहे. छापखान्याच्या दुमजली इमारतीखाली अकरा पायऱ्या उतरलात की माझे दार लागते. मला बांधणाऱ्या गवंड्याने दगडी भिंती घातल्या, वर लाकडी तुळया टाकल्या आणि रस्त्याच्या बाजूला माणूस सरपटत जाईल एवढा झरोका ठेवला. "हा कधी बुजवू नका," त्याने तेव्हाच्या मालकांना बजावले होते. "लाकडाला वारा लागतो. माणसालाही लागतो."

पुष्कळ वर्षे बरी गेली. माझ्या पोटात कागदाची रिमे कोरडी राहत. उन्हाळ्यात कामगार डबे घेऊन खाली येत आणि "इथं कसं गार वाटतं" म्हणत. ते ऐकून मी सुखावत असे. पुढे पुस्तके शिवणाऱ्या नऊ बायका माझ्यात बसू लागल्या. त्यांतली सगळ्यांत थोरली ती सगळ्यांची मावशी. आणि कोपऱ्यात, रिमांच्या थप्पीमागे, कोशकाका.

कोशकाका छापखान्यात प्रुफे तपासत आणि उरलेल्या वेळात शब्दकोश लिहीत. त्यांना ऐकू कमी येई. लिहिता लिहिता ते माझ्या शब्दापाशी पोचले, त्या दिवशी त्यांनी मान वर केली.

"मावशी, या खोलीला तुम्ही काय म्हणता?"

"तळघर," मावशी मोठ्याने म्हणाली.

"मालक गोदाम म्हणतात. त्यांच्या आजी बळद म्हणायच्या, पण बळद भिंतीतलं. जमिनीत धान्य ठेवतात ते पेव. मशीनवाला भुयार म्हणतो, तेही चूक. भुयाराला दोन तोंडं हवीत."

"आणि एकच दार असलं, तेही बाहेरून कडी लागणारं?"

"मग ती कोठडी."

मावशी झरोक्याकडे बघत राहिली. आदल्याच आठवड्यात नव्या मालकांनी तो विटांनी बुजवला होता. बाहेर त्यांना दुकानाचा ओटा हवा होता.

वारा बंद झाला तशी मला ओल धरली. तळची रिमे फुगली. तुळयांची टोके काळी पडली, आणि दोन वर्षांत मधल्या तुळईतून भुसा गळू लागला. मावशीने तो ओंजळीत धरून मालकांपुढे नेला.

"माझ्या आजोबांपासून उभं आहे हे," मालक म्हणाले. "आताच काय होणार आहे?"

"आम्ही नऊजणी खाली बसतो, मालक."

"बघू. नवं मशीन एकदा बसू दे, मग बघू."

कागद कापायचे ते अवजड मशीन बरोबर माझ्या डोक्यावर बसले. चार दिवस मी दात-ओठ आवळून ते पेलले. पाचव्या दिवशी सकाळी मला राहवले नाही. होता नव्हता तो जीव एकवटून मी करकरले.

मावशीने सुई खाली ठेवली. "उठा. चपला राहू द्या. वर चला."

कुणी कारण विचारले नाही. वर पोचल्यावर तिने माणसे मोजली. कोशकाका नव्हते. ती तशीच मागे फिरली, अकरा पायऱ्या उतरली, त्यांचा दंड धरला, आणि मधली तुळई मशीनसकट जिन्यावर आली.

दोघे आत अडकले. बाहेर कामगारांनी ओट्यावर पहारी चालवल्या. झरोक्याच्या विटा फुटल्या, धुळीत उजेडाचा एक तुकडा दिसला, मग त्यातून हात आत आला.

"काका, आधी तुम्ही," मावशी ओरडली.

त्यांनी कानाकडे बोट दाखवले, ऐकू येत नसल्यासारखी मान हलवली आणि तिला पुढे ढकलले. तिला बाहेर ओढले. तिने वळून आत हात घातला, तोवर शेजारची तुळई खाली आली होती.

कोशकाका माझ्या छताखाली गेले, मित्रांनो. हे मी कुणाकडे बोलू?

छापखाना उठला. कित्येक वर्षे मी राडारोडा पोटात घेऊन पडले. मग नवे लोक आले. पडलेल्या तुळयांच्या जागी त्यांनी लोखंड घातले, पण उरलेल्या दोन कुजक्या तुळया तशाच ठेवून खालून पांढरेशुभ्र छत ठोकले. झरोका पुन्हा विटांनी बंद केला. दिवे लागले, साठ खुर्च्या आल्या, दारावर नवे नाव चढले: अभ्यासिका.

आज सकाळी मावशी आली. आता ती काठी टेकत चालते.

"नातवाचं नाव घालायचंय का, आजी?" दारातल्या व्यवस्थापकाने विचारले.

"वरचं पांढरं काढून दाखव."

"ते शोभेचं आहे. काढायचं नसतं."

मावशी पुन्हा वर चढली. ती सगळ्यांत वरच्या पायरीवर बसली आणि काठी आडवी धरली. व्यवस्थापकाने समजावले, मग दटावले. ती हलली नाही. "उद्याही येईन," एवढेच म्हणाली.

मित्रांनो, उद्या सोमवार. तुम्ही दप्तरे घेऊन याल आणि पायरीवर एक म्हातारी वाट अडवून बसलेली दिसेल. तिला हसू नका, तिच्या काठीवरून उडी मारून खाली येऊ नका. तिच्या बाजूला उभे राहा आणि विचारा, छताआड काय आहे, बाहेर पडायची दुसरी वाट कुठे आहे. माझ्याजवळ करकरण्यापलीकडे आवाज नाही, आणि खाली साठ खुर्च्या सरकू लागल्या की तोही तुम्हाला ऐकू येणार नाही.