सरळ कापलेलं पीस

पीस करडं होतं, बोटभर लांब, आणि एका टोकाला सरळ कापलेलं. पाखराचं आपसूक गळालेलं पीस असं नसतं, त्याला बुडाशी पांढरा निमुळता देठ असतो आणि ते कुठेही सापडतं — उशीखाली, चपलेत, एकदा तर तिच्या डब्याच्या पिशवीत. हे सापडलं कचऱ्याच्या टोपलीत, संत्र्याच्या सालींखाली, आणखी तशाच पिसांबरोबर. दिवसभर चष्म्याच्या काचा घासणाऱ्या बाईला दुसरं काही नाही तरी कड कळते. एका दमात, हात जराही न थरथरता कापलेली कड... म्हणजे ताई.

खांद्यावरची पर्स तशीच ठेवून ती आतल्या खोलीत गेली. खिडकी सताड उघडी होती. पिंजऱ्याचं दारही उघडं, आणि पक्षी कपाटाच्या पायाशी, जमिनीवर. डोक्यावरचा पिवळा तुरा ताठ उभा, म्हणजे घाबरलेला. ताई खिडकीपाशी खुर्ची ओढून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तू याला सोडतेस म्हणून रोज संध्याकाळी खिडकी बंद. जीव गुदमरतो गं माझा. आज कापून टाकले पंख. त्याला कळलंसुद्धा नाही."

कळलंसुद्धा नाही. ताईनं उभा जन्म रुग्णालयात नर्स म्हणून काढला, आणि सुई टोचून झाल्यावर ती प्रत्येक पोराला हेच सांगायची. पोरं रडायची, पण ताईचं म्हणणं, ती सवयीनं रडतात. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ते खोटं असावं. तिची आग गुडघ्यापाशीच अडकली, आणि ती मुकाट्यानं खाली बसली. नेहमीसारखी.

पाळीव पक्ष्यांच्या दुकानातून आणलं तेव्हा हे पाखरू कुणी जवळ गेलं की गजांवर धडका मारायचं. ती पिंजऱ्याकडे पाठ करून बसायची, काहीबाही बोलत — चष्म्याच्या दुकानाच्या मालकाच्या मुलाची अक्कल, गिऱ्हाइकांच्या नाकांचे आकार. मग कधीतरी उघडा तळहात आणि त्यावर राळ्याचं कणीस... हाताला मुंग्या यायच्या, पण नियम एकच होता, हात मिटायचा नाही. हातावर यायला ते लवकर शिकलं. अवघड होतं परत जाणं. तिनं त्याला कधी पकडून आत कोंडलं नाही. कणीस आत ठेवायची, जीभ टाळूला लावून टक् करायची आणि बाजूला व्हायची. पाखरू खोलीभर घिरट्या घ्यायचं, पडद्याच्या दांड्यावर बसून विचार करायचं, आणि जायचं. स्वतःच्या मनानं जायचं. या एका गोष्टीचा तिला केवढा ताठा होता... जगात कुणीतरी आपल्यामुळे स्वतःच्या मनानं वागतं याचा.

ताठा बाळगायला तिच्याकडे दुसरं होतं तरी काय? परवा चष्म्याच्या दुकानाच्या म्हाताऱ्या मालकांनी मुलाच्या हाती कारभार देताना सहज म्हणून टाकलं की, पलीकडच्या वस्तीतलं दुसरं दुकान खरं तर तुम्हीच चालवायचं होतं, वरची खोलीही देणार होतो, मी घरी विचारायला आलो होतो, पण तुमच्या ताई नाही म्हणाल्या. कितीतरी वर्षांपूर्वीची गोष्ट. घरी येऊन विचारलं तर ताई भाजी निवडता निवडता हसली. "भित्री तू. एकटी राहिली असतीस का तिथे? आणि इतकी वर्षं तुला कळलं तरी का?" त्यावर आपण काय केलं? आपणही हसलो. वर भाजी निवडायला बसलो.

पाखरानं पडद्याच्या दांड्याकडे झेप घेतली. हवेत तिरकं झालं आणि खुर्चीच्या पायावर आपटलं. लहानसाच आवाज झाला.

"शिकेल," ताई म्हणाली. "पिसं वाढतात की परत."

"मग?"

"मग परत कापू."

तिनं जमिनीवर तळहात पसरला. राग बोटांपर्यंत पोचला होता, आणि ते त्याला दिसत होतं. माणसांना न दिसणारं त्याला नेमकं दिसायचं. टक् केलं. आलं नाही. ये रे, काही नाही होणार, कळणारसुद्धा... ती मध्येच थांबली. हा आवाज तिचा नव्हता, ताईचा होता. याच मऊ आवाजात घरातलं सगळं कापलं गेलं होतं. करून सवरून नामानिराळी राहणारी ही बाई, हिच्यावर ओरडायलाही फट सापडत नाही, कारण जे केलं ते भल्यासाठी, आणि कात्री उकळून घेतलेली.

अंधारायला लागलं तेव्हा पाखरू निघालं. फरशीवरून, कोंबडीसारखं चालत. प्रेमानं नव्हे, जमीन तिच्यापेक्षा जास्त भीतीची होती म्हणून. तळहातावर चढलं.

"बघ, कसं शहाण्यासारखं आलं," ताई म्हणाली. "आता ठेव आत."

आणि तिनं हात मिटला. पडेल म्हणून, असं ती नंतर स्वतःला सांगणार होती. पण खरं म्हणजे कुणीतरी ठेव म्हटलं की ठेवायचं, ही हाताची सवय होती. मुठीत ते इवलंसं धडधडलं, आणि अंगठ्याच्या बेचक्यात कडकडून चावलं. तिनं मूठ तशीच पिंजऱ्यात नेऊन उघडली आणि दार लावलं. पाखरू पार कोपऱ्यात गेलं, तिच्याकडे पाठ करून.

रक्त मनगटापर्यंत आलं होतं. ताई लगबगीनं कापूस आणि औषध घेऊन आली, या वयातही केवढी चपळ. "दाखव बघू. कळणारसुद्धा नाही."

"राहू दे," ती म्हणाली. "मला कळू दे."

ताई कापूस घेऊन उभी राहिली. बाटलीचं बूच उघडंच होतं, औषधाचा वास सुटला होता. असं कुणी हात द्यायचं नाकारलं तर काय करायचं, हे तिला बहुधा कुणी शिकवलं नव्हतं.

उद्या पुन्हा पाठ करून बसावं लागेल, अगदी पहिल्यापासून, आणि या वेळी ते येईलच असं नाही... आणि यावं तरी का त्यानं? कापले ताईनं, पण मूठ माझी होती. इतका वेळ सगळा राग खिडकीपाशी बसला होता, आता त्यातला निम्मा उठून तिच्या शेजारी येऊन बसला. हात ठणकत होता. घरातले सगळे तिला भित्री म्हणत आले, तिनंही कधी नाही म्हटलं नव्हतं. म्हणून तिनं आत नीट शोधून पाहिलं, काचेवरचा ओरखडा शोधतात तसं, उजेडाकडे धरून. राग होता. लाज होती. भीती मात्र सापडेना.