मरळीसाठी बाभूळ

मला घाण सहन होत नाही. हा गुण की खोड, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. कॉलनीच्या कमिटीची सेक्रेटरी झाल्यापासून तर मला लांबून येताना पाहूनच लोक केळ्याची साल खिशात घालतात. त्यामुळे मे महिन्यात आम्ही कॉलनीमागचं तळं साफ केलं तेव्हा सगळ्यात पुढे मीच होते.

माझे वडील, किशनराव, त्या दिवशी डोळ्याला पट्टी लावून घरी पडून होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोनच दिवस झाले होते. नांदेडकडून इकडे तेलुगू मुलखातल्या या शहरात आलेला हा माणूस. चिक्कडपल्लीत भाड्याने राहिला, जामबागच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये छत्तीस वर्षं अटेंडर होता, आणि रविवार कधी गळाशिवाय काढला नाही. आई होती तोवर दर रविवारी घरात मरळ शिजायची. आईच्या, म्हणजे पंचफुलाबाईंच्या, कालवणाला गल्लीत तोड नव्हती. चार वर्षांपूर्वी आई गेली, आणि तेव्हापासून बाबा तळ्यावरून रिकाम्या हाताने परत यायला लागले. मी चिडवायचे, "मासे तुम्हाला ओळखायला लागलेत, बाबा." ते नुसते हसायचे.

त्यांचं आणखी एक खूळ होतं. कुठे बाभूळ तोडलेली दिसली की काटेरी फांदी स्कूटरला बांधून घेऊन जायचे. माझी एक नारायणपेठी त्या काट्यांत फाटली. "हा कचरा कशाला गोळा करता?" असं विचारलं की म्हणायचे, "कामाला येतो, माय." कसल्या कामाला, हे मी कधी विचारलं नाही. त्यासाठी घटकाभर थांबावं लागतं, आणि थांबणं माझ्या स्वभावात नाही.

मे महिन्यात पाणी आटलं आणि तळ्याच्या मधोमध काळ्या, शेवाळलेल्या फांद्यांचे ढीग वर आले. बाबा बरे होऊन तिथे जातील तेव्हा त्यांना लख्ख तळं दिसावं, अशी माझी फार इच्छा होती. चाळीस माणसं, हातमोजे, एक ट्रॅक्टर. दुपारपर्यंत फांद्यांनी भरलेली ट्रॉली वीटभट्टीकडे गेली आणि आम्ही रांगेत उभं राहून फोटो काढले.

बांधावर मासे विकणारी पद्मावती सकाळपासून बघत उभी होती. सगळे पांगल्यावर ती जवळ आली.

"मॅडम, वो लकड्यां कायको निकाले? तुम्हारे बाबा डाले सो थे. चार साल से एक एक लाके डाले, मुरेल के बच्चों के वास्ते."

मग तिने मला समजावलं. मुरेल म्हणजे आमची मरळ. ती आडोशाला अंडी घालते. काट्यांत जाळं फाटतं म्हणून तिथे कोणी जाळं टाकत नाही, आणि बगळ्याची चोचही पोचत नाही. आईच्या मागे बाबांनी मरळ धरायची सोडली होती आणि तिला घर बांधून द्यायला घेतलं होतं.

"तू आधी का नाही बोललीस?" मी खेकसले.

"आप बोलने कू दिये क्या, मॅडम?"

मी वीटभट्टीवर फोन केला, तर तिथे फांद्या कधीच पेटल्या होत्या.

बाबांना कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. ते चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी डोळ्यात औषध घालताना त्यांनी विचारलं, "पाणी उतरलं असंल. फांद्या वर आल्या का गं?"

"बाबा, त्या मी काढल्या. मला कचरा वाटला."

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्यांच्या गालावरून थेंब ओघळला तो मी औषधाचा समजून पुसला. दुसरा दुसऱ्या डोळ्यातून आला, आणि त्या डोळ्यात मी औषध घातलं नव्हतं.

"रागवा ना मला," मी म्हणाले. मला खरंच रडू येत होतं.

"तुला कामून रागवू? मीच सांगितलं नाही. तू म्हणली असती, म्हातारा येडा झाला."

"म्हणालेच असते."

"मरळ जून लागला की जागा हुडकती," ते म्हणाले. "जागा नसंल तर यंदा पिलं नाहीत. आता मी अठ्ठ्याहत्तरचा. पुढच्या सालाचं कोण सांगावं?"

डॉक्टरांनी त्यांना पाण्यात उतरायला सक्त मनाई केली होती. म्हणून पुढचे तीन रविवार मी उतरले. बाबा काळा चष्मा लावून बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत, आणि मी कमरेएवढ्या पाण्यात, नव्याने गोळा केलेल्या बाभळीच्या फांद्यांना दगड बांधून बुडवत. हाताची चाळण झाली. मी फांद्या एका रेषेत, बुंधे एकीकडे करून लावत होते.

"गीता, कपाट लावायलीस का? इस्कटून टाक जरा. मरळीला तुझ्यासारखी टापटीप लागत नाही."

पद्मावती तोंडाला पदर लावून हसली. मी इस्कटून टाकल्या.

जून गेला. जुलै गेला. तळं भरलं, शेंडे तेवढे वर ठेवून फांद्या बुडाल्या, आणि बाबा दर रविवारी बांधावर बसून पाण्याकडे बघत राहिले. मला विचारायचा धीर होत नव्हता.

ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी मी त्यांच्याजवळ उभी होते. काठापासून हातभर अंतरावर पाण्यावर लाल काहीतरी तरंगताना दिसलं. कोणीतरी कागद टाकला असणार. मी काठी उचलली आणि वाकले.

बाबांनी माझं मनगट धरलं. "थांब."

"घाण आहे, बाबा."

"पिलं हायेत."

मी नीट बघितलं. मूठभर मसूर डाळ पाण्यावर सांडावी तशी शेकडो इवली लाल पिलं, एकत्र वर येत होती, एकत्र खाली जात होती. त्यांच्या खाली दोन काळ्या पाठी सावकाश फिरत होत्या.

"माय-बाप," बाबा म्हणाले. "दोघंबी असतात. पिलं मोठी होईस्तोवर खात नाहीत, पित नाहीत म्हण, पण हालत नाहीत."

तो पुंजका हळूहळू बाभळीकडे सरकत गेला. काठी माझ्या हातातून कधी गळाली कळलं नाही. बाबांनी माझं मनगट सोडलं नव्हतं, आणि पिलं काट्यांत शिरेपर्यंत मी जागची हलले नाही.