सुगंधाबाईचे पिवळे डोळे

धानोऱ्याकडच्या एका गावात दारूबंदी समितीची पुढारी होती सुगंधाबाई. मोहाची भट्टी दिसली की घातलीच लाथ. आणि भाषण कायम एकच: "दारू पेली का कावीळ होते. डोळे पिवळे, मंग सीधा वरचा रस्ता!" पोलिसांना न भिणारे बाप्ये या काविळीला मात्र टरकून होते.

आणि नेमके बाईचेच डोळे हळदीसारखे पिवळे झाले.

झालं! गावाला आयतंच खाद्य मिळालं. लटारूच्या दोन भट्ट्या बाईनं फोडल्या होत्या. त्यानं भर चौकात विचारलं, "बाई, आमची दारू सांडवली, का घरी नेली?" बाई चोरून घेते, हे घरोघरी झालं. जन्मात थेंब न शिवलेल्या सुगंधाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

गडचिरोलीला तपासणी झाली. पित्ताशयातला खडा नळीत अडकला होता. पित्ताची वाट बंद, म्हणून ते रक्तात उतरलं. ऑपरेशन झालं. "याचा दारूशी काही संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. बाईनं ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं आणि खडा डबीत मागून घेतला. लटारूचं तोंड आता कायमचं बंद करायचं होतं.

बरी होताच तिनं सभा बोलावली. समोरच हेमराज बसला होता. अट्टल पिणारा, पण काविळीच्या धाकानं यंदा दारू सोडलेला. शेजारी त्याची बायको रंजीता.

बाई डबी काढणार, तोच लटारू ओरडला, "नाई पेली म्हन्ता? मंग कावीळ दारूनं होत नाई ना? बोला!"

हेमराजनं चटकन मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरची आशा पाहून बाईला धडकी भरली. रंजीताचं तोंड तर एवढंसं झालं. कावीळ खड्यानं होते, दारूनंही होते, हे समजावता आलं असतं. पण हेमराज अर्धंच ऐकून उठला असता, आणि तेही सोयीचं अर्धं.

बाईनं डबी पदरात दाबली. तिला लटारूचा भयंकर राग आला होता आणि त्याहून जास्त रडू येत होतं.

"पेली," ती म्हणाली. "चोरून पेली. पाहा माहे हाल. पोट फाडा लागलं डॉक्टरले."

सभेत हशा पिकला. लटारूनं तर टाळ्या पिटल्या.

हेमराज तेवढा हसला नाही. त्यानं बोटानं डोळ्याची खालची पापणी ओढली आणि बायकोपुढं वाकला.

"पाह्य वं रंजीता, माहे त नाई ना पिवळे?"