सफेद पाच

घशाचं ऑपरेशन झालं आणि माझे वरचे सूर गेले. उरला तो घोगरा आवाज, फोनवर ऐकून लोक आजोबा म्हणतील असला. आणि आमच्या बँडचा गायक मीच. आम्ही सदर्न रॉक वाजवतो, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडचं, स्लाइड गिटारचं रांगडं गाणं. सिंगापुरात राहणाऱ्या तीन मराठी इंजिनियरांना हे खूळ कुठून लागलं, ते विचारू नका. आमच्या अल्बमची सगळी गाणी मी लिहिली होती. ती आता कोणी गाणार नाही, अशी मी मनाची समजूत घालत होतो.

तेवढ्यात आमच्या गिटारवाल्या राजसने प्रणिताला आणलं. ती अकाउंटंट, सेम्बावांगला राहते, लहानपणापासून शास्त्रीय शिकलेली. यिशुनच्या स्टुडिओत गिटार, ड्रम आधीच रेकॉर्ड करून ठेवले होते. तिने येऊन फक्त गायचं होतं.

पण जमेना. खालच्या सुरांवर तिचा आवाज पुटपुटल्यासारखा यायचा. मी मागच्या सोफ्यावर चडफडत बसलो होतो. शेवटी तिने हेडफोन काढून ठेवले.

"माझ्याच्याने नाही होणार. तुम्ही दुसरं कोणीतरी बघा," ती म्हणाली.

दुसरं कोण मिळणार होतं? ती गेली असती तर गाणी तिथेच संपली असती.

"तू घरी तंबोरा कुठल्या पट्टीत लावतेस?" मी विचारलं.

"सफेद पाच."

म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी. आमची गाणी सफेद दोनमध्ये, माझ्या पट्टीत, तिच्यासाठी फारच खाली.

"मग बोलली का नाहीस?"

ती राजसकडे बघायला लागली. राजस गिटारच्या तारा पुसत म्हणाला, "मीच तिला गप्प बसवलं. निशिकांतदादा, तुमच्या पट्टीला हात लावायचा नाही म्हटलं. तेवढं तरी तुमचं राहू दे."

मला असा राग आला, आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. गाढवांनी माझा मान राखायला माझ्याच गाण्यांचा गळा आवळला होता. गल्लीतल्या भजनातसुद्धा पेटीवाला आधी गाणाऱ्याला पट्टी विचारतो. आम्ही रॉकवाले झालो आणि तेवढं विसरलो.

"पुसून टाक सगळं," मी म्हणालो. "गिटार तिच्या पट्टीत लाव."

"सकाळी मला कामावर जायला जुरोंग आयलंडची बस धरायची असते, दादा."

"मग आत्ताच सुरू कर."

"ड्रमला पट्टी नसते," आमचा ड्रमवाला धवल उठत म्हणाला. "मी कोपी घेऊन येतो." कोपी म्हणजे इथली कॉफी.

राजसने कुरकुरत सगळं नव्याने वाजवलं. मग प्रणिता गायली. तोच आवाज, पण आता मोकळा, भरलेला. माझ्या ओळी मला पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या वाटल्या. फार बरं वाटलं. थोडं दुखलंही.

कडवं संपल्यावर ती माझ्याकडे वळली.

"दादा, खाली अजून एक आवाज हवा. याच ओळी, एक सप्तक खाली. तुम्ही या ना."

"माझा आवाज राहिलाय कुठे?"

"राहिलाय तेवढाच हवाय."

मी उभा राहिलो. तिची पट्टी माझ्यापेक्षा थोडीच वर, त्यामुळे त्याच ओळी एक अख्खं सप्तक खाली घेतल्या की त्या माझ्या जुन्या सुरांच्याही खाली येत होत्या. माझा आवाज शिल्लक होता तो बरोबर तिथेच. पहिल्या ओळीला पुरला. मग पुढच्या ओळीला. राजसने थांबवलं नाही.

गाणं संपल्यावर मी प्रणितापुढे हात जोडले. ती संकोचली, "अहो दादा, काय हे," म्हणाली. मी जोडलेलेच ठेवले.