एका पॉइंटने हरू दे

शनिवारी बास्केटबॉलमध्ये आमच्या पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, मुली दहिसरकडून हरल्या. अठ्ठेचाळीस-सत्तेचाळीस. दहिसरची टीम तळाला. अख्ख्या सीझनमध्ये त्यांनी एकही मॅच जिंकली नव्हती. सहा सेकंद उरले असताना माझ्या शॅरनला दोन फ्री थ्रो मिळाले, एकेका पॉइंटचे. दोन्ही रिंगला लागून बाहेर आले.

आणि कोर्टाच्या कडेला, पाण्याच्या बाटल्या मांडीवर घेऊन बसलेली मी, तिची सख्खी आई, मनात म्हणाले, थँक यू.

का ते सांगते. शॅरनचं लग्न पुढच्या रविवारी. मुलगा वांद्र्याचा, रसेल, स्वभावाने गरीब. ड्रेस शिवून कपाटात लटकतोय आणि ही मुलगी रोज संध्याकाळी कोर्टावर धडपडतेय. मागच्या महिन्यात तिच्या टीममधल्या कल्पिताचं बोट मोडलं, आणि तेही नेमकं अंगठीचं. तेव्हापासून मला एकच दिसायचं: वेदीसमोर माझी मुलगी, पांढरा ड्रेस, डोक्यावर जाळीचा व्हेल आणि नाकावर बँडेज. तिला बोलून उपयोग नव्हता. "लीग संपली की थांबते, मम्मी," एवढंच उत्तर. मग बुधवारी मी चर्चमध्ये नोवेनाच्या प्रार्थनेला गेले, मेणबत्ती लावली आणि मदर मेरीला सांगितलं, तूही आई आहेस, तुला कळेल. यांना हरव. फार नको, पोरींना लाज वाटेल. एका पॉइंटने.

मागच्या वर्षी त्या हरल्या त्याच दिवशी सगळं आटोपलं होतं. बूट धुऊन माळ्यावर गेले होते. म्हणजे हरलं की संपतं, अशी माझी समजूत. अकरा वर्षं मी तिच्या मॅचना जातेय, पण खरं सांगायचं तर बॉल मी फारसा पाहिलेलाच नाही. मी शॅरनला बघते. बॉल कुठे गेला ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चमधली मिस्सा झाल्यावर मालाडच्या आमच्या गावठाणात, आमच्याच ओट्यावर सभा भरली. एक माझा नवरा अर्बन, ज्याने आयुष्यात कधी बास्केटमध्ये बॉल टाकलेला नाही आणि म्हणून ज्याची मतं कधी डळमळत नाहीत. दुसरा शेजारचा लॉईड, जो वीस वर्षांपूर्वी पॅरिशकडून खेळायचा आणि अजूनही गुडघ्याला पट्टा बांधून मिस्साला येतो. तिसरी अर्बनची आत्या पर्पेच्युआ, वय एक्याऐंशी, ती सूप घेऊन लग्नाचे तांदूळ निवडत होती. शॅरन आतल्या खोलीत, दार लावून.

"वाट लागली," लॉईड म्हणाला. "दहिसरकडून हरतात? अरे, त्यांच्याकडे बदलीला पोरगी नव्हती. मोजून पाच जणी. त्यातली एक खोकत होती."

"झालं ते बरंच झालं," अर्बन म्हणाला. "लीगमधली एक मॅच. यांच्या डोक्यात हवा गेली होती, ती निघाली."

"तू काय बघितलंस रे? तू तर पॅटिस आणायला गेला होतास."

"शेवटची आठ मिनिटं बघितली. तेवढ्यात सगळं कळतं."

"काय कळलं?"

"लग्नघर आहे, पोरीचं लक्ष नाही."

"लक्ष नाही? डिफेन्स नाही! कोचने झोन लावला. प्रत्येकीने आपापली जागा धरून उभं राहायचं, जसा काय ग्रुप फोटो काढतायत. आणि दहिसरची ती बुटकी पोरगी लांबून टाकतेय आरामात. तिच्या अंगावर कोणीतरी जायला नको?"

मी खुशीत होते. खुशीत असले की मी सगळ्यांना माफ करते. "जाऊ दे ना आता," मी म्हणाले. "चांगल्या खेळल्या, हरल्या, संपलं."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"संपलं काय, बेव्हर्ली?" लॉईड म्हणाला. "सेमी आहे ना."

"हरल्या ना पण?"

"लीग आहे गं ही! आठ टीम, सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं. वरच्या चार सेमीला. आपण सहा जिंकलो, ही एक हरलो, म्हणून दुसरे."

"आणि मागच्या वर्षी?"

"तो नॉकआउट होता. हरलं की घरी."

अकरा वर्षं बाटल्या धरल्या, हे मला कोणी सांगितलं नाही. "मग आता काय?"

"पहिले आलो असतो तर सेमी गुरुवारी, इथेच मालाडला," अर्बन म्हणाला. "दुसरे आलो, म्हणून शनिवारी. वांद्र्याला, पाच वाजता." हे म्हणताना त्याचाही आवाज बारीक झाला, कारण शनिवारचा बँड त्यानेच ठरवला होता.

शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे उंबराचं पाणी. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बँड लावून, नटूनथटून सगळ्या बाया विहिरीवर जातात, घागरी भरून आणतात आणि त्या पाण्याने नवरीला अंघोळ घालतात. आमचं लग्न लागतं चर्चमध्ये, पण मुलगी घरातून जाते ती त्या पाण्यातून.

"म्हणजे," मी सावकाश विचारलं, "काल जिंकल्या असत्या तर शनिवार मोकळा होता?"

"गुरुवारीच सेमी आटोपली असती. फायनल काय, लग्नानंतरच आहे."

मी खाली बसले. जवळजवळ पर्पेच्युआच्या सुपावरच.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. शॅरन कालच्याच टी-शर्टमध्ये, डोळे सुजलेले. "ओरडताय कशाला? मी कोचना कळवलंय. शनिवारी मी नाही. माझ्या जागी किरण खेळेल."

"किरण?" लॉईड म्हणाला, घरात कोणी वारल्यासारखा.

"मम्मी, तुला हेच पाहिजे होतं ना," शॅरन म्हणाली. "नाक फुटणार नाही, बोट मोडणार नाही. झालं."

रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मीही दोन शब्द ऐकवले असते. मला हवं होतं ते तिने आणून हातावर ठेवलं. आणि अकरा वर्षं ज्या चेहऱ्यावर मी बॉल शोधत आले, त्या चेहऱ्यावर आता बॉल कुठेच नव्हता.

"शॅरन," मी म्हणाले, "कालची मॅच तू नाही हरलीस. मी घालवली." आणि बुधवारचं सगळं सांगून टाकलं. मेणबत्ती, मदर मेरी, एक पॉइंट.

आधी बोलला तो लॉईड. "म्हणजे झोन बरोबर होता? आणि मी कालपासून कोचला सात मेसेज पाठवलेत!"

"काहीतरीच काय," अर्बन म्हणाला. "दहिसरच्या आया चर्चमध्ये जात नाहीत? त्यांनीही मागितलं असेल."

"त्यांनी मागितलं दहिसर जिंकू दे. हिने मागितलं मालाड हरू दे. दोन्हीकडून एकच अर्ज गेला, अर्बन. नामंजूर कोण करणार?"

"डॅडी, लॉईड अंकल, गप बसा," शॅरन म्हणाली. आता मात्र तिला राग आला होता. "मम्मी, ते थ्रो माझे होते."

"पण मी जर..."

"नाही. पहिला मी घाईत टाकला, दुसरा घाबरून. माझा हात वाकला. त्यात तू नाहीस आणि मदर मेरीपण नाही. एवढं तरी माझं राहू दे ना!"

मुलीची प्रत्येक गोष्ट आपल्यामुळेच घडते असं मानायची मला सवय आहे. चुकासुद्धा मी तिच्या हाताला लागू देत नाही.

मग तीच हसली, नाक ओढत. "आणि एका पॉइंटने का गं मागितलंस? वीसने मागायचं. मला झोप तरी लागली असती."

"कोचला फोन कर," मी म्हणाले. "शनिवारी तू खेळ."

"आणि पाणी?"

इथे पुन्हा सभा सुरू झाली. अर्बन म्हणाला शुक्रवारी आणू. लॉईड म्हणाला शनिवारीच, पण दुपारी तीनला, उन्हात, म्हणजे बँडवाले लवकर आटपतील. त्यावर बँडवाल्यांच्या कपड्यांचं कापड किती जाड असतं यावर दोघांचं जुंपलं.

"गप रे दोघं," पर्पेच्युआ सूप खाली ठेवत म्हणाली. "पाणी आणायला नवरी लागते कुठे? पाणी आम्ही आणणार. ती लागते अंघोळीला. खेळ कधी संपतो गो, पोरी?"

"साडेसहा. आठपर्यंत घरी."

"मग ये की आठला. पाणी काय नासतं?"

"पण आत्या," मी म्हणाले, "नवरी त्या वेळी घरात बसलेली असते."

"बसून काय अंडी घालते? मला सकाळपासून बसवली होती. अंगाला घामाचा थेंब नाही. एवढं वाजतगाजत आणलेलं पाणी फुकट गेलं. ही घामाघूम येईल, निदान धुवायला काहीतरी असेल."

अर्बनने वाद न घालता मान डोलावली. त्याच्या आयुष्यात असं क्वचितच झालंय.

शॅरन फोन घेऊन आत गेली. मी म्हणाले, "सेमी हरल्या तर मात्र संपतं ना?"

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

"नुसतं विचारलं," मी म्हणाले. "माहीत असलेलं बरं. आणि तो झोन की काय, तोही एकदा समजावून सांगा."

वीस वर्षांत लॉईडला हे कोणी म्हटलं नव्हतं. कोपऱ्यात लग्नाचे नारळ रचले होते. त्याने त्यातले पाच घेतले आणि गुडघा धरत ओट्यावर मांडले. ही रिंग, या आपल्या पोरी, इथून बॉल येतो.

"यात शॅरन कोण?"

त्याने मधला नारळ दाखवला. बाकीचे चार त्याला खेटून होते. मी तो उचलला आणि पार कडेला, भिंतीजवळ नेऊन ठेवला.

"तिथे कशाला?"

"तिथे धक्काबुक्की नाही."

लॉईडने कपाळावर हात मारला. "अगं, हा बास्केटबॉल आहे, बेव्हर्ली!"

"ती कोर्टावर मला तिथेच बरी दिसते," मी म्हणाले. "हसते तिथे."

फोन ठेवून शॅरन बाहेर आली होती. ती वाकून नारळांकडे बघत राहिली.

"बरोबर आहे, अंकल," ती म्हणाली. "तिथे मी मोकळी असते."